हवा बदलली की त्रास : गोळ्या सुरू करण्याआधी काय काय तपासावं?

मुठाकाठची

फेब्रुवारीत पुण्यात पहाट बारा-तेरा अंशांवर आणि दुपार तेहतिसावर असते. एकाच घरात कुणाला सकाळी ओळीनं शिंका येतात. जुलैत दुसऱ्याची छाती भरते. पावसाळा सरता सरता तिसऱ्याच्या पापण्या आणि मान खाजायला लागते. असा त्रास दरवर्षी ठरल्या वेळी आला की आपल्याकडे बरेच जण होमिओपॅथीकडे वळतात. याचं एक कारण मला पटतं: थंडीनं वाढतं की उबेनं, ओल्या हवेत की कोरड्या, पहाटे की मध्यरात्री, हे तिथे कुणीतरी निवांत विचारतं.

प्रश्न मोलाचे आहेत. पण उत्तरं गोळी निवडण्यापुरती वापरायची आणि घरातली ओल, उशी, भोवतालचं गवत आहे तसंच ठेवायचं, हे चुकतं. खुद्द होमिओपॅथीचे जनक हानेमान यांनाही ते चाललं नसतं. त्यांच्या 'ऑर्गेनॉन' या ग्रंथाच्या सातव्या परिच्छेदाच्या तळटीपेत ते सांगतात की त्रासाचं बाहेरचं कारण आधी काढा: उग्र वासाची फुलं खोलीतून हलवा, डोळ्यात गेलेला कण काढा. ७७व्या परिच्छेदात तर दलदलीची जागा, तळघरं, कोंदट खोल्या यांमुळे होणाऱ्या आजारांना 'जुनाट' म्हणणंच त्यांना मान्य नाही, कारण राहणीमान सुधारलं की ते आपोआप जातात.

म्हणून दोन प्रश्न. आपल्या शरीराला नेमकं काय झोंबतं हे घरच्या घरी कसं शोधायचं? आणि गोळीनं फरक पडला की ऋतू सरला म्हणून पडला, हे कसं ओळखायचं?

रेपर्टरी_वाचक

चांगला धागा. आमच्याकडे, म्हणजे होमिओपॅथीत, याला मोडॅलिटी म्हणतात, म्हणजे लक्षण कशानं वाढतं आणि कशानं कमी होतं. औषधाची निवड त्यावरच होते. नाकातलं पाणी झोंबून वरचा ओठ लाल होतो पण डोळ्यातलं पाणी झोंबत नाही, तर ॲलियम सेपा, म्हणजे आपला कांदा. याच्या बरोबर उलट, डोळे चुरचुरतात आणि नाकातलं पाणी सौम्य, तर युफ्रेशिया. दिवस गरम, रात्र थंड अशा दिवसांत किंवा ओल्या गारव्यात त्रास, तर डल्कामारा. दमट हवेत वाढणारा दमा असेल तर नॅट्रम सल्फ. उठताना सांधे आखडतात, चालायला लागलं की सुटतात, आणि ओलीत वाढतं, तर ऱ्हस टॉक्स.

नोंद मात्र नेमकी हवी. 'हवा बदलली की' एवढ्यावरून काहीच कळत नाही. किती वाजता, कुठल्या खोलीत, पंखा चालू होता का, झाडलोट सुरू होती का, त्याआधी तासाभरात काय केलं, हे लिहिलं तर चार आठवड्यांत चित्र स्पष्ट होतं. पुढे गोळी घ्या वा न घ्या, ही वही कुठल्याही डॉक्टरला उपयोगी पडते.

दशांश

वहीबद्दल पूर्ण सहमत. गोळीबद्दल मात्र गणित मांडायलाच हवं. सी पोटेन्सीत दर पायरीला एकास शंभर असं विरलन होतं. ३० सी म्हणजे तीस पायऱ्या, म्हणजे एकावर साठ शून्यं. एक मोल पदार्थात रेणू असतात सुमारे ६.०२ गुणिले दहाचा तेविसावा घात. त्यामुळे बाराव्या पायरीच्या आसपासच मूळ पदार्थाचा एखादा रेणू उरण्याची शक्यता संपते. २०० पोटेन्सीची तर गोष्टच सोडा.

ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय आरोग्य संशोधन परिषदेनं २०१५ मध्ये उपलब्ध अभ्यास तपासले. होमिओपॅथी परिणामकारक आहे असा भरवशाचा पुरावा एकाही आजारासाठी मिळाला नाही. सध्याच्या विषयाला सगळ्यात जवळचा अभ्यास २००२ चा, 'बीएमजे'मधला. धुळीतल्या किड्यांची ॲलर्जी असलेल्या दमेकऱ्यांना त्याच किड्यांपासून केलेलं होमिओपॅथिक औषध दिलं. २४२ रुग्ण होते, कुणाला खरं औषध आणि कुणाला कोरं, म्हणजे औषध नसलेलं, हे रुग्णांना आणि डॉक्टरांना दोघांनाही माहीत नव्हतं. कोऱ्यापेक्षा औषध सरस ठरलं नाही.

रेपर्टरी_वाचक

@दशांश, आयआयटी मुंबईचा २०१० चा अभ्यासही सांगा ना. धातूंपासून केलेल्या औषधांत ३० आणि २०० पोटेन्सीलाही धातूचे नॅनोकण सापडले. म्हणजे बाटलीत काहीच नसतं असं सरसकट म्हणता येत नाही.

दशांश

सापडले, मान्य. पण बाटलीत कण आहेत आणि त्या कणांनी माणूस बरा होतो, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरी सिद्ध करायला रुग्णांवरची आंधळी चाचणीच लागते. शिवाय तो अभ्यास धातूंचा होता, कांद्याचा किंवा डल्कामाराचा नाही.

ओली_भिंत

मी पावसाळ्याबद्दल लिहिते, कारण पुण्यातल्या निम्म्या तक्रारी भिंतीतून येतात असं माझं ठाम मत आहे.

आधी आर्द्रता मोजा. डिजिटल हायग्रोमीटर काहीशे रुपयांत मिळतो, पण स्वस्तातला दहा टक्के चुकीचाही दाखवू शकतो. म्हणून मिठाची चाचणी करायची. बाटलीच्या झाकणात साधं मीठ घ्या, ओल्या वाळूसारखं होईल इतकंच पाणी घाला, मीठ विरघळता कामा नये. ते झाकण आणि मीटर हवाबंद डब्यात आठ ते बारा तास ठेवा. आत बरोबर ७५ टक्के आर्द्रता तयार होते. मीटर ८१ दाखवत असेल तर दर वेळी सहा वजा करा.

घरात सतत ६० टक्क्यांच्या वर राहिलं की बुरशी धरते. ५० च्या खाली धुळीतले किडे जगत नाहीत. जुलै-ऑगस्टमध्ये पुण्यात बाहेरच ८० च्या वर असतं, त्यामुळे दिवसभर खिडक्या उघड्या ठेवून ओल जाते हा गैरसमज आहे. उघडीप मिळाली की खिडकी उघडा, पाऊस लागला की बंद करून पंखा लावा. अंघोळीनंतर एक्झॉस्ट वीस मिनिटं चालू ठेवा. घरात दोरीवर कपडे वाळत घालायचेच असतील तर झोपायच्या खोलीत नकोत.

भिंत ओली दिसते तेव्हा ओल कुठली हे ओळखा. हातभर लांबी-रुंदीचा ॲल्युमिनियम फॉइलचा चौकोन भिंतीवर चारही बाजूंनी टेपनं घट्ट चिकटवा आणि दोन दिवस ठेवा. फॉइलच्या खोलीकडच्या बाजूला पाणी जमलं तर ती हवेतली वाफ आहे, वारा खेळता ठेवून भागेल. मागच्या, भिंतीकडच्या बाजूला जमलं तर गळती आहे: गच्ची, शेजारचं न्हाणीघर किंवा जमिनीतून चढणारी ओल. त्यावर प्लास्टिक पेंट मारला की ओल आत कोंडते आणि पुढच्या वर्षी पोपडे येतात. गळती आधी थांबवा, भिंत कोरडी होऊ द्या, रंग नंतर.

नवी_पेठ

फॉइलची कल्पना फार कामाची! कपाटामागची भिंत कशी तपासायची?

ओली_भिंत

@नवी_पेठ, बाहेरच्या भिंतीला टेकलेलं कपाट चार बोटं पुढे ओढा. मागे हवा खेळली नाही की बुरशी तिथेच पहिली येते. काळे ठिपके दिसले तर मास्क आणि हातमोजे घालून साबणाच्या पाण्याच्या ओल्या फडक्यानं पुसा, कोरड्या झाडूनं झाडू नका. झाडलं की बीजाणू खोलीभर उडतात. ब्लीच वापरणार असाल तर त्यात संडास साफ करायचं ॲसिड चुकूनही मिसळू नका, क्लोरीन वायू तयार होतो.

आणि गाद्या-रजया मे अखेरीलाच धुऊन घ्या. उन्हाळ्यातल्या कोरड्या हवेत किडे आपोआप कमी होतात, पण त्यांच्या विष्ठेतली ॲलर्जी करणारी प्रथिनं गादीत तशीच राहतात. ती पाण्यानं जातात, नुसत्या उन्हानं नाही. अभ्रे-चादरी आठवड्यातून एकदा ६० अंशांच्या पाण्यात.

गवत_उपटा

@मुठाकाठची, तुम्ही पापण्या आणि मानेची खाज म्हणालात. पुण्यात पहिला संशय गाजर गवतावर, म्हणजे काँग्रेस गवतावर घ्यायचा. भारतात त्याची पहिली ठळक नोंद १९५५-५६ च्या सुमाराची, पुण्यातलीच. त्यातल्या पार्थेनिन या द्रव्यानं त्वचेची ॲलर्जी होते आणि त्यासाठी गवताला हात लावावाच लागतो असं नाही. वाळलेल्या गवताचा चुरा वाऱ्यानं उडतो आणि पापण्या, मान, कोपराची आणि गुडघ्यामागची घडी अशा ठिकाणी बसतो. पुरळ नेमकं तिथेच दिसलं तर खूण पक्की समजा आणि त्वचारोगतज्ज्ञ गाठा.

इथे तपासणीत गोंधळ होतो. शिंका, नाक, दमा यांसाठी प्रिक टेस्ट: हातावर थेंब टाकून हलकं टोचतात, १५-२० मिनिटांत गांधी येते का बघतात. त्याआधी पाच ते सात दिवस ॲलर्जीची गोळी बंद ठेवावी लागते, नाहीतर काहीच उमटत नाही. गवताच्या पुरळासाठी पॅच टेस्ट: पाठीवर पट्ट्या ४८ तास ठेवतात, त्या काढल्यावर एकदा आणि ९६ तासांच्या सुमारास पुन्हा बघतात. तेवढे दिवस पाठ भिजवायची नाही. प्रिक टेस्ट कोरी आली म्हणून गवताची ॲलर्जी नाही असा निष्कर्ष काढला की पुढचं सगळंच चुकतं.

सोसायटीभोवतीचं गवत फुलं येण्याआधी, पाऊस पडून माती मऊ असताना मुळासकट उपटा. एक झाड हजारो बिया टाकतं. हातमोजे, पूर्ण बाह्या, आणि ज्यांना आधीच त्रास आहे त्यांनी या कामात उतरूच नये. यंत्रानं कापू नका, चुरा सगळीकडे उडतो. जाळूही नका. फरसबंदीच्या फटींत २० टक्के मिठाचं पाणी फवारलं तर चालतं, बागेच्या मातीत नको. मोकळ्या जागेत टाकळा पेरा, तो गाजर गवताला वर येऊ देत नाही.

टेकडीवर_रोज

हिवाळ्याबद्दल कुणी लिहिलं नाही. डिसेंबर-जानेवारीत पहाटे जमिनीलगतची हवा थंड आणि वरची उबदार असते, त्यामुळे धूर वर जात नाही. पुणं टेकड्यांच्या मधल्या खोलगट भागात आहे, म्हणून जाळलेल्या पाल्याचा, शेकोट्यांचा आणि वाहनांचा धूर नदीकाठच्या सखल वस्तीत साचून राहतो. शुद्ध हवेसाठी सकाळी सहाला नदीकाठी चालायला जाणं छातीच्या रुग्णांना उलट बाधतं. ऊन पसरल्यावर, नऊच्या सुमाराला निघा.

हवेचा निर्देशांक बघताना एक लक्षात ठेवा. मोठा आकडा दिसतो तो धूलिकणांच्या बाबतीत २४ तासांच्या सरासरीवरून काढलेला असतो, पहाटेचा चढ त्यात बुडून जातो. म्हणून पीएम २.५ चे, म्हणजे अडीच मायक्रॉनपर्यंतच्या सूक्ष्म कणांचे, तासागणिक आकडे बघा. आपल्याकडची २४ तासांची मर्यादा घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम आहे, जागतिक आरोग्य संघटनेची १५.

घरातला धूरही मोजायला हवा. डासांची एक अख्खी कॉइल ७५ ते १३७ सिगरेटींइतके सूक्ष्म कण सोडते, असं २००३ च्या एका अभ्यासात मोजलं होतं. मुठेतली जलपर्णी वाढली की डास वाढतात, दारं-खिडक्या लावून कॉइल पेटते, आणि सकाळच्या खोकल्याचं खापर थंडीवर फुटतं. जाळी आणि मच्छरदाणी वापरा.

श्वासमापक

आता सगळ्यात महत्त्वाचं. दमा असेल तर वहीसोबत पीक फ्लो मीटर ठेवा, म्हणजे फुंकेचा जास्तीत जास्त वेग मोजणारी नळी. उभं राहून पूर्ण श्वास घ्या, ओठ घट्ट मिटून एकदम जोरात फुंका. तीनदा करा आणि सगळ्यात मोठा आकडा लिहा, सरासरी नाही. हे सकाळी आणि संध्याकाळी, औषध घेण्याआधी. सकाळी ३२०, संध्याकाळी ४०० आला तर फरक ८०, सरासरी ३६०, म्हणजे रोजचा चढउतार २२ टक्के. दोन आठवड्यांची अशी सरासरी मोठ्यांमध्ये १० टक्क्यांच्या वर गेली तर दम्याची शक्यता धरतात.

तब्येत उत्तम असतानाचा आकडा शंभर धरा. ८० टक्क्यांच्या वर ठीक. ५० ते ८० मध्ये डॉक्टरांनी लिहून दिलेली पुढची पायरी. ५० च्या खाली, किंवा एक वाक्य सलग बोलता येत नसेल, ओठ निळसर दिसत असतील, तर आधी इनहेलर आणि लगेच १०८. तिथे गोळ्यांची पुडी उघडत बसू नये.

काही जण सांगतात की गोळी लागू पडताना त्रास आधी वाढतो, त्यामुळे वाढलं तर चांगलंच. दम्यात हा विचार जीव घेऊ शकतो. रोजचा स्टिरॉइड इनहेलर श्वासनलिकेची आतली सूज दाबून ठेवतो. बंद केला तर पहिले काही दिवस काहीच जाणवत नाही, आणि नेमका त्याच काळात नव्या औषधावर विश्वास बसतो. सूज हळूहळू परत येते, आणि पुढची थंडी किंवा धूळ झटका आणते.

रेपर्टरी_वाचक

@श्वासमापक, शंभर टक्के सहमत. इनहेलर थांबवायला सांगणारा कुठल्याही पॅथीचा असो, त्याच्याकडे जाऊ नये.

अळूवडी

थोडं अवांतर. गोळ्यांच्या बाटलीजवळ कापूर नको, कॉफी नको, कच्चा कांदा-लसूण नको, हे खरं का? आणि मधुमेह असलेल्यांनी साखरेच्या गोळ्या घ्याव्यात का?

दशांश

कॉफीचं पथ्य हानेमान यांच्यापासूनच आहे. त्यानं काही फरक पडतो असा पुरावा नाही. साखरेचं म्हणाल तर ३० नंबरच्या (हा गोळीच्या आकाराचा नंबर, पोटेन्सीचा नव्हे) चार गोळ्यांत ती चिमटीपेक्षाही कमी असते, मधुमेहींना त्याची चिंता नको. लक्ष द्यायचं ते मदर टिंक्चरकडे. त्यात विरलन नसतं, वनस्पतीचा खरा अर्क असतो आणि मद्यार्कही भरपूर. १२ टक्क्यांहून जास्त मद्यार्काचं होमिओपॅथिक औषध किरकोळ विक्रीत ३० मिलीपेक्षा मोठ्या बाटलीत विकता येत नाही, असा नियमच आहे. लहान मुलांना आणि यकृताचा आजार असलेल्यांना टिंक्चर विचारल्याशिवाय देऊ नका.

ओली_भिंत

वासावरून आठवलं: ठेवणीतल्या कपड्यांतल्या डांबरगोळ्या. नॅफ्थॅलिनचा वास नाकाला झोंबतोच, पण ज्या बाळांना जी६पीडीची, म्हणजे तांबड्या पेशींना जपणाऱ्या विकराची, कमतरता असते त्यांच्या तांबड्या पेशी त्यानं फुटतात आणि कावीळ वाढते. बाळाच्या दुपट्यांत त्या कधीच नकोत.

सांधा_बोलतो

पाऊस येणार हे गुडघ्याला आधी कळतं, यावरही कुणी लिहा.

रेपर्टरी_वाचक

त्यासाठी आमच्याकडे ऱ्होडोडेंड्रॉन आहे, वादळाआधी दुखणाऱ्या सांध्यांसाठी.

टेकडीवर_रोज

ब्रिटनमध्ये मोबाइलवर रोज नोंदी घेऊन अडीच हजारांहून जास्त रुग्णांचा अभ्यास झाला, २०१९ मध्ये छापून आला. जास्त आर्द्रता, कमी हवादाब आणि वाऱ्याचे दिवस यांचा वेदनेशी संबंध दिसला, पण तो थोडाच. म्हणजे गुडघा खोटं बोलत नाही, पण गारव्यात आपण हालचाल कमी करतो त्याचाही हिशोब धरावा लागतो.

मुठाकाठची

सगळ्यांचे मनापासून आभार. माझा दुसरा प्रश्न मात्र अजून उरला आहे. फेब्रुवारीत शिंका टोकाला असताना गोळी सुरू केली आणि मार्चअखेर थांबल्या, तर श्रेय कुणाचं?

दशांश

ते घरी तपासता येतं. फक्त शिंका-सर्दीसाठी करा, दम्यासाठी नाही.

औषध तुमच्या होमिओपॅथ डॉक्टरांनाच निवडू द्या, म्हणजे निवड चुकली असा आक्षेप उरत नाही. रोज घ्यायचं औषध हवं. एकच मात्रा देऊन महिनाभर थांबायचं असेल तर ही पद्धत चालणार नाही. एकाच मापाच्या दोन बाटल्या घ्या. एकीत औषध घातलेल्या गोळ्या, दुसरीत त्याच नंबरच्या कोऱ्या गोळ्या, त्याच तीव्रतेच्या नुसत्या मद्यार्कात भिजवून वाळवलेल्या. वासावरून ओळख पटली की चाचणी फुकट. दुकानदाराकडूनच भरून घ्या. घराबाहेरच्या कुणीतरी बाटल्यांवर 'क' आणि 'ख' लिहावं आणि कुठली कोणती ते पाकिटात बंद करून स्वतःकडे ठेवावं.

एक आठवडा एक, पुढचा आठवडा दुसरी, अशी एक जोडी. जोडीत आधी कुठली हे दर वेळी नाणं उडवून ठरवा. रोज रात्री शिंका, नाक वाहणं, नाक चोंदणं आणि नाकातली खाज यांना शून्य ते तीन गुण द्या, म्हणजे दिवसाचे जास्तीत जास्त बारा. आठवड्याची बेरीज करा. अशा सहा जोड्या. ऋतू बदलत असला तरी लागोपाठच्या दोन आठवड्यांची तुलना असल्यानं त्याचा परिणाम बराच कापला जातो. औषधाची बाटली सहाही जोड्यांत सरस ठरली तर निव्वळ योगायोगानं तसं होण्याची शक्यता चौसष्टात एक. सहापैकी तीन-चार जोड्यांत सरस आली तर त्यावरून काहीच सांगता येत नाही. मधेच पाकीट उघडू नका, आणि या काळात दुसरा कुठलाही बदल करू नका, गादीसुद्धा बदलायची नाही.

रेपर्टरी_वाचक

माझी याला हरकत नाही. एकच जोडतो: या काळात ॲलर्जीची दुसरी गोळी लागली तर थांबू नका, घ्या, पण तारखेसह लिहा. ते दिवस दोन्ही बाटल्यांकडे सारखे पडले नाहीत तर हिशोब बिघडतो.

श्वासमापक

पहिल्या प्रश्नाचं एक टोकही राहिलं. प्रिक टेस्ट कोरी, आयजीई (ॲलर्जीत रक्तात वाढणारं प्रथिन) नॉर्मल, तरीही गार वारा, अत्तर किंवा फोडणीचा ठसका लागला की नाक वाहतं, असे पुष्कळ लोक असतात. ती ॲलर्जी नसते, नाकातल्या मज्जातंतूंची संवेदनशीलता असते, म्हणून ॲलर्जीच्या गोळीनं फारसा उतार पडत नाही. त्यांनी कान-नाक-घसातज्ज्ञांना विचारून नाकातला फवारा घ्यावा. फवारा मारताना नळी मधल्या पडद्याकडे नको, त्याच बाजूच्या डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्याकडे वळवा, नाहीतर रक्त येतं. पहिल्या दिवशी गुण आला नाही म्हणून सोडू नका.

फवाऱ्याआधी नाक धुतलं तर उत्तम: २४० मिली उकळून कोमट केलेलं पाणी, अर्धा चमचा बिनआयोडीनचं मीठ, चिमूटभर खायचा सोडा. नळाचं पाणी थेट कधीच नको, अमीबाचा संसर्ग मेंदूपर्यंत जाऊ शकतो. पाणी डोळ्यांमागे झोंबलं तर मीठ कमी-जास्त झालंय. नेतीचं भांडं दर वेळी धुऊन उपडं वाळवा.

नवी_पेठ

खायचा सोडा म्हणजे बेकिंग पावडर नव्हे ना?

श्वासमापक

नव्हे. बेकिंग पावडरमध्ये आम्ल आणि पीठ मिसळलेलं असतं, ते नाकात नको. पुडीवर नुसतं सोडियम बायकार्बोनेट लिहिलेलं बघून घ्या.